तांडा, पोड आणि शाळा

(कंधार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावोगाव आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या आनंदात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. मराठीच्या अंगणात आणखी किती भाषा नांदतात? आणि त्यांची खुशाली कोण विचारते? आजचे व्याख्यान या प्रश्नासाठी आहे.

कंधारसारख्या गावात हा प्रश्न विचारायला हक्क आहे आणि आधारही आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला कंधारपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. पुढे इथल्या किल्ल्याने बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा किती राजवटी पाहिल्या आणि प्रत्येक राजवटीबरोबर दरबाराची भाषा बदलली. दरबाराबाहेर मात्र लोक आपापल्या भाषेत पेरत होते, कापत होते, देवाला गाऱ्हाणे घालत होते. आजही देगलूर, बिलोली, धर्माबादकडे गेले की कानावर तेलुगू पडते, उदगीर-देवणीकडे वळले की कन्नड. कंधारच्या बाजारात मराठीइतकीच सहज दखनी उर्दू चालते. तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी आहे. आणि याच नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट-माहूरच्या डोंगरात, गोंडी आणि कोलामी आहेत.

याच गावातल्या भाई केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले होते. ज्याच्या तोंडी गाणे आहे पण हाती पाटी-पेन्सिल आली नाही, त्यालाही व्यासपीठ असते, हे कंधारने त्यातून शिकून ठेवलेले आहे. त्यामुळे इथे बोलताना पहिली पायरी नव्याने बांधावी लागत नाही.

पहिला मुद्दा मोजणीचा. कारण जे मोजले जात नाही त्याला ना पैसा मिळतो, ना पुस्तक.

ग्रिअर्सनने भारतीय भाषांची पाहणी केली, ती १९२८ साली पुरी झाली. तिच्यात गोंडी आहे, कोलामी आहे, बंजाऱ्यांची बोलीही आहे. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची नावे छापली. नंतर एक नियम आला. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषेचे नाव स्वतंत्रपणे छापायचे नाही. त्या नियमाने शेकडो नावे ‘इतर’ या एका शब्दाखाली गेली. २०११ च्या जनगणनेत उरल्या १२१ भाषा. मधल्या काळात गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. सरकारी आकडा १२१ आणि लोकांनी गोळा केलेला आकडा ७८०, या दोहोंमधल्या अंतरात जी माणसे राहतात, त्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत.

आपल्या तांड्यांचेच पाहा. २०११ मध्ये लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ३२ लाख ७६ हजार लोक होते. एवढे लोक, आणि ते सगळे जनगणनेने मोजले हिंदीच्या पोटात! महाराष्ट्रात गोरमाटी, कर्नाटकात लमाणी, तेलंगणात लंबाडी. नावे तीन, लिपी तीन, आरक्षणाचे प्रवर्गही वेगवेगळे. तरी कंधारच्या तांड्यावरचा माणूस निजामाबादच्या तांड्यावर पाहुणा गेला तर त्याला दुभाष्या लागत नाही.

गोंडीचे चित्र आणखी बोलके आहे. २०११ मध्ये गोंडी भाषिक होते सुमारे २९ लाख ८४ हजार. गोंड जमातीची लोकसंख्या मात्र एक कोटीच्या बरीच वर आहे. म्हणजे चारांतल्या तिघांच्या घरातून गोंडी उठून गेली. कोलामांचेही तसेच. महाराष्ट्रात कोलाम जमातीचे सुमारे १ लाख ९४ हजार लोक, आणि कोलामी बोलणारे सगळ्या देशात मिळून सुमारे १ लाख २८ हजार.

हे कसे झाले? कोणी बंदी घातली होती का? नाही. मग कोणत्या वाटेने गेली ही भाषा? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि आपल्याच मातीतल्या एका माणसाला भेटावे लागेल.

सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, गाव निलंगा, जिल्हा लातूर. मराठी वाचक त्यांना ओळखतात ते शिवकालाचे इतिहासकार म्हणून, फारसी साधने मराठीत आणणारे म्हणून, उर्दू काव्याचे रसिक भाषांतरकार म्हणून. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे एक काम मात्र मराठवाड्यालाही पुरते ठाऊक नाही. पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या गोंड-कोलाम मुलखात त्यांनी नोकरी केली. तिथे त्यांनी काय केले? साहेब म्हणून तंबू ठोकून दुभाष्याकरवी कारभार करता आला असता. तो रिवाजच होता. पगडी गोंडी शिकले, कोलामी शिकले. १९५० मध्ये त्यांचे कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध झाले, १९५४ मध्ये गोंडीचे. मरे एमेनो हा कॅलिफोर्नियातला द्राविडी भाषांचा मोठा अभ्यासक. त्याने १९५५ मध्ये कोलामीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा आदिलाबादच्या कोलामीसाठी निलंग्याच्या या अधिकाऱ्याचे काम त्याच्यापुढे होते.

महसूल खात्यातल्या माणसाला व्याकरण कशाला हवे होते? उत्तर त्या काळात आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या लढ्याचे नेते कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. जंगल आणि जमीन यांवरचा गोंडांचा हक्क हा त्या लढ्याचा गाभा होता. त्यानंतर संस्थानाने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला त्या भागात पाठवले. तो आणि त्याची पत्नी बेटी, दोघे मारलावाई या गोंड खेड्यात राहिले. त्यातून एक गोष्ट घडली जी आज ऐकताना आश्चर्य वाटेल. १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. मुलांसाठी गोंडीत वाचनमाला निघाल्या. त्या छापल्या देवनागरीत. गोंड तरुण स्वतः शिक्षक होऊन गोंड मुलांना गोंडीत शिकवू लागले.

मित्रहो, हे लक्षात घ्या. ज्या संस्थानात मराठी मुलाला वरचे शिक्षण उर्दूत घ्यावे लागत होते, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते, त्याच संस्थानाच्या एका कोपऱ्यात गोंडीची पाठ्यपुस्तके निघाली. आणि त्या वेळी तो मुलूख आपल्यापासून वेगळाही नव्हता. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली आणि किनवट नांदेड जिल्ह्यात आले. मराठी लोकांसाठी ते मीलन होते. गोंडांसाठी आणि कोलामांसाठी मात्र ती फाळणी ठरली. एका बाजूच्या मुलांची शाळा तेलुगू झाली, दुसऱ्या बाजूच्या मुलांची मराठी. भाषेच्या नावाने आखलेल्या त्या रेषेने गोंडीला कुठलेच राज्य दिले नाही, आणि मारलावाईचा प्रयोग रेषेच्या दोन्ही बाजूंना ओसरला.

राज्यरचना चुकली, असे इथे म्हणायचे नाही. मराठवाड्याने त्यासाठी किंमत मोजली होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, स्वामी रामानंद तीर्थांसारखा शिक्षक, हे सगळे कशासाठी होते? आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे, हा त्या धडपडीचा एक मोठा भाग होता. परक्या भाषेच्या शाळेत बसलेल्या पोराच्या मनात काय चालते, हे मराठवाड्याइतके महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच गोंडी, कोलामी आणि गोरमाटी मुलांची बाजू घेण्याचे कर्तव्य सर्वांत आधी आपल्याकडे येते. पुण्या-मुंबईने घेतली तर उत्तम, पण आधी आपली पाळी.

आता दुसरा मुद्दा, आणि आजच्या विषयाचा जीव इथेच आहे. भाषा पुढे जाते ती कोणाच्या हातून?

बहुतेकांचे उत्तर असते, आईकडून. खरे आहे. पण आपल्या भागातली वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कंधार, लोहा, मुखेड, किनवटच्या तांड्यांवरून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. काही मुले बरोबर जातात, बरीचशी मागे राहतात. कोणाजवळ? आजीजवळ. निम्मे वर्ष तिचाच स्वयंपाक, तिचेच ओरडणे, तिचीच गाणी. तिच्यापाशी होळीची लेंगी असते. मुलगी सासरी जाताना रडून गायचा ढावलो असतो. श्रावणातल्या तीजेला बुट्टीत गहू कसे उगवायचे आणि त्याभोवती काय गायचे, हे ती जाणते. ढाडींकडून ऐकलेल्या पूर्वजांच्या कथा तिच्या स्मरणात असतात. सरकारने कितीही पगार दिला तरी याहून चांगली शिक्षिका मिळणार नाही.

पण हीच आजी शाळेच्या फाटकापाशी गप्प होते. नातू शाळेतून घरी येतो आणि तिच्याशी मोडक्या मराठीत बोलतो. ती त्याला मोडक्या मराठीत उत्तर देते, कारण तिला कोणीतरी सांगितलेले असते की घरात आपली बोली बोललात तर पोरगा मागे पडेल. दोघेही आपली चांगली भाषा बाजूला ठेवून आपल्याला कमी येणाऱ्या भाषेत एकमेकांवर माया करतात. भाषा जाते ती या वाटेने.

जगात हीच जागा ओळखून काम करणारे लोक झाले. न्यूझीलंडमधल्या माओरींनी १९७० च्या दशकात पाहिले की माओरी सहज बोलणारी मुले दिसेनाशी झाली आहेत. भाषा आजी-आजोबांपाशी होती, मधल्या पिढीकडून निसटली होती. त्यांनी काय केले? मधली पिढी शिकेल मग ती मुलांना शिकवेल, अशी वाट पाहिली नाही. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ पहिले ‘कोहंगा रेओ’ उघडले. आपल्या भाषेत सांगायचे तर बालवाडीच, पण तिच्यात माओरी बोलणारी म्हातारी माणसे आणि शाळेआधीच्या वयाची मुले एकत्र. खेळ, जेवण, झोप, रुसवा, सगळे माओरीत. तीन वर्षांत अशी तीनशेहून अधिक केंद्रे झाली. तीच मुले मोठी होऊ लागली तेव्हा त्यांच्यासाठी माओरी माध्यमाच्या शाळा काढाव्या लागल्या, आणि १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा द्यावा लागला. क्रम पाहा. आधी आजी आणि नातू, मग शाळा, मग कायदा. आपण बहुधा उलटे करतो. आधी दर्जाची मागणी, मग समिती, मग अहवाल, आणि तोवर आजी राहत नाही.

आजी राहिली नाही की काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. जानेवारी २०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर ही वृद्धा वारली. अका-बो भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. प्रा. अन्विता अब्बी यांनी तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करून ठेवले म्हणून ती भाषा निदान ऐकता तरी येते. पण अखेरच्या वर्षांत त्या बाईला आपल्या भाषेत उत्तर देणारे कोणी नव्हते.

कोलामी अजून तिथे पोहोचलेली नाही. किनवटच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, आणि यवतमाळच्या पोडांवर ती बोलली जाते. वेळ आहे, पण फार नाही.

तिसरा मुद्दा शाळेचा. कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या ३५० अ कलमात, म्हणजे राज्यरचनेच्या त्याच १९५६ सालच्या घटनादुरुस्तीत, प्रत्येक राज्याने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे लिहिले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, शक्य तिथवर माध्यम मातृभाषेचे असावे, असे सांगतो. २०२० चे शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. कागदावर काही कमी नाही.

ओडिशाने २००६ पासून दहा आदिवासी भाषांत सुरुवातीच्या वर्गांची पुस्तके काढली, पुढे ती संख्या एकवीसवर नेली. महाराष्ट्रात मात्र आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेची शाळा यांचे माध्यम मराठीच राहिले. तेव्हा २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने जागा दिली, गावाने शिक्षक पाहिले. मुले गोंडीतून शिकू लागली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती शाळा बेकायदा ठरवून दंडाची नोटीस काढली आणि प्रकरण न्यायालयात गेले. जी गोष्ट राज्याने करावी असे घटना सांगते, ती गावाने केली, तर तिला दंड? या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यायला हवे. परवानगीच्या नियमांचे कारण त्यासाठी पुरत नाही.

कोणी म्हणेल, गोंडीत शिकून पोट भरते का? हा प्रश्न आई-बापांचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. त्याची टिंगल करू नये. मोहगाव असो की मारलावाई, मराठी किंवा इंग्रजी नको असे कोणीच म्हटले नव्हते. मारलावाईच्या वाचनमाला देवनागरीत निघाल्याने मुलाला पुढे मराठीकडे जाणे सोपे होत होते. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखायला आणि भाषा ओळखायला एकाच दिवशी लावू नका, एवढेच म्हणणे आहे. आधी ओळखीच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषाही लवकर धरते. ज्याला पहिल्याच दिवशी बाई काय म्हणतात ते कळत नाही, ते मूल चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसते आणि पाचवीत कोयता घेते.

आता लेखनाविषयी थोडे. गोंडीला लिपी नाही, असे अजूनही म्हटले जाते. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली होती. २००६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावी गोंडी हस्तलिखिते सापडली, त्यांची लिपी वेगळीच निघाली. आज या दोन्ही लिपी युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे संगणकावर त्यांत लिहिता येते. नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह रचत राहिले. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम, वाहरू सोनवणे यांनी मराठी कवितेत आदिवासी आवाज आणला.

आणि गोरमाटी? दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मराठवाड्याचे कवी वीरा राठोड यांना २०१५ मध्ये ‘सेन सायी वेस’ या मराठी कवितासंग्रहासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. शेजारच्या निजामाबादचे रमेश कार्तिक नायक यांना २०२४ मध्ये ‘ढावलो’ या तेलुगू कथासंग्रहासाठी तोच पुरस्कार मिळाला. एक पुस्तक मराठी, एक तेलुगू, आणि दोन्हींची शीर्षके गोरमाटी! एका भाषेचे लेकरू दोन भाषांना श्रीमंत करून गेले. या दोघांचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण तांड्यावरच्या मुलाच्या हाती गोरमाटीतले गोष्टींचे पुस्तक कधी पडणार, हेही याच आनंदात विचारले पाहिजे.

गाणाऱ्यांची एक गोष्ट राहून जाऊ नये. गोंडांचे पुराण सांगण्याचे काम परधानांचे. ते किंगरी वाजवत लिंगोची कथा गातात. किनवट-आदिलाबाद पट्ट्यातल्या परधानांची घरची भाषा मराठी आहे, गाण्याची भाषा गोंडी. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी गोंडीचे सर्वांत मोठे काव्य कंठात सांभाळले. दुसऱ्याची भाषा जपता येते का, अशी शंका कोणाला असेल तर त्याने किंगरीवाल्या परधानाकडे जावे. आपल्या जिल्ह्यातच तो भेटेल.

तर मग कंधारने काय करावे? मोठे काही नको. तालुक्यात महाविद्यालय आहे, तांड्यांवरून येणारे विद्यार्थी आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावा लागतोच. तो आजीचा आवाज नोंदवण्याचा असू द्या. गाणे, म्हण, औषधी झाडांची नावे, लग्नाचे विधी, जे असेल ते, बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि वय लिहून. तांड्यावरच्या अंगणवाडीत आठवड्यातून एक दिवस आजीला गोष्ट सांगायला बोलवा, आणि ती गोष्ट गोरमाटीतच होऊ द्या. शिक्षकांनी तांड्यावर बदली झाली की निदान शंभर वाक्ये शिकावीत. पगडींनी दोन व्याकरणे लिहिली. शंभर वाक्ये कोणालाही जमतील. आणि ऊसतोडीच्या हंगामात जी हंगामी वसतिगृहे चालतात, तिथे मुलांना आपल्या भाषेत बोलू नका असे कोणी सांगू नये.

शेवटी एक काम असे, की ज्याला ना निधी लागतो ना परवानगी. देशाची पुढची जनगणना जाहीर झाली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारी येईल. त्याच्या नमुन्यात मातृभाषेचा रकाना असतो, आणि जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी भाषा तुमच्याशी बोलली ती. शाळेत शिकलेली नव्हे, बाजारात लागणारी नव्हे. सभागृहात तांड्यांवरून आलेले तरुण आहेत, किनवटहून आलेले पाहुणे आहेत, आणि प्रगणकाचे काम ज्यांच्याकडे येणार असे शिक्षकही आहेत. त्यांना ही विनंती. सांगणाऱ्यांनी गोरमाटी, गोंडी, कोलामी हे नाव स्पष्ट सांगावे, आणि लिहिणाऱ्यांनी ‘मराठीच लिहितो’ किंवा ‘हिंदीच लिहितो’ असे न म्हणता जे ऐकले तेच लिहावे.